फळ्यामागचे डबे: एक वर्ग, पण वर्गमित्र कधी?

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

लोकलमध्ये उभे राहून ऐकत असाल तर पाठीवरची बॅग पुढे घ्या आणि जरा टेकून उभे राहा. आजची गोष्ट शाळेची आहे आणि ती एका फळ्यापासून सुरू होते.

मुंबईतलं एल्फिन्स्टन हायस्कूल, विसाव्या शतकाची सुरुवात. मास्तर एका मुलाला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावतात. तो जागेवरून उठतो आणि वर्गात एकच गोंधळ उडतो. बाकीची मुलं धावत फळ्याकडे सुटतात. कशासाठी? तर फळ्याच्या मागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले असतात. हा मुलगा फळ्याजवळ गेला तर डबे बाटतील, म्हणून त्याच्या आधी पोचून डबे बाजूला करायचे. डबे हलतात, मगच तो मुलगा फळ्यापर्यंत जातो आणि उदाहरण सोडवतो.

त्या मुलाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो कुठेतरी ऐकलाही असेल.

आपण हा प्रसंग ऐकतो तेव्हा आपलं सगळं लक्ष बाबासाहेबांकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. पण हा एपिसोड तयार करताना मी सारखा त्या धावणाऱ्या मुलांचा विचार करत होतो. बारा-चौदा वर्षांची पोरं. ‘आज धावा’ असं त्यांना त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळी एकदम धावली. रोज त्याच खोलीत बसायची, तेच धडे शिकायची, त्याच परीक्षा द्यायची. वर्ग एक होता. पण त्या मुलाचे ते वर्गमित्र होते का?

आज मला एवढंच सांगायचंय. एका वर्गात बसणं वेगळं आणि वर्गमित्र होणं वेगळं. पहिलं कायद्याने करता येतं. दुसरं आपोआप होत नाही, ते कुणीतरी मोठ्या माणसाने घडवून आणावं लागतं. ते कसं घडवायचं, हे आपल्याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. तिथपर्यंत जाऊ, आणि शेवटी आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरला परत येऊ.

आधी सातारा. 7 नोव्हेंबर 1900. नऊ वर्षांच्या भीमरावांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि राज्यात 7 नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नोंद झाली, प्रवेश मिळाला, कागदोपत्री सगळं व्यवस्थित. पण वर्गात काय चाललं होतं? बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. वर्गात त्यांचा नंबर कितवाही असो, बसायचं कोपऱ्यात, एकट्याने. खाली घ्यायला गोणपाटाचा तुकडा, तोही स्वतःचा. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावायचा नाही, म्हणून तो संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा.

पाण्याचं तर आणखी अवघड. बाकीच्या मुलांना तहान लागली की मास्तरांची परवानगी घ्यायची, नळापाशी जायचं, पाणी प्यायचं. यांना नुसती परवानगी पुरायची नाही. नळाला हात लावायचा नाही, त्यामुळे नळ सोडायला शिपाई पाहिजे. शिपाई जागेवर नसला तर त्या दिवशी तहानलेलंच राहायचं.

आता थोडा विचार करा. त्या कोपऱ्यात बसवणारा कुणी एक दुष्ट माणूस नव्हता. ती शाळेची डिफॉल्ट सेटिंग होती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथे एक गोष्ट पहिल्या वर्षी कळते: डिफॉल्ट सेटिंग शंभरातले नव्वद लोक कधीच बदलत नाहीत. ती तशी असते म्हणून तशीच राहते. आणि मुलं काय शिकतात? फळ्यावर लिहिलेलं शिकतातच, पण कोण कुठे बसतं, कोण कुणाच्या हातचं खातं, तेही रोज पाहून पाठ करतात. त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

बरं, ही शाळेची दारं तरी सहज उघडली होती का? नाही. त्यासाठी आणखी मागे जाऊ. जून 1856. धारवाड, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. त्याला नाकारलं गेलं, तेव्हा त्याने थेट सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारचं उत्तर आज वाचलं तरी अंगावर काटा येतो. त्याचा मतितार्थ असा की न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे खरं, पण या एका मुलाला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील, मग शाळेचा उपयोगच राहणार नाही. थोडक्यात, तू बरोबर आहेस, पण तू एकटा आहेस. पुढे 1858 मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी स्पष्ट केलं की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत.

कायदा तिथे बदलला. पण 1858 पासून 1900 पर्यंत मोजा, बेचाळीस वर्षं. आणि 1900 मध्ये साताऱ्यात ते गोणपाट आहेच. दार उघडलं होतं, जागा मात्र कोपऱ्यातच होती.

पुढचा टप्पा 1923 चा. मुंबई कायदे कौन्सिलमध्ये सी. के. बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, आणि त्याचबरोबर शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. हाच ठराव हातात घेऊन 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तो आपल्याला माहीत असतो. पण त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, 3 मे 1927 ला बदलापुरात शिवजयंतीचा उत्सव झाला आणि त्याचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. हो, आपलं बदलापूर! मी इतकी वर्षं तिथे वडापाव खायला उतरतोय आणि मला हे सत्ताविसाव्या वर्षी कळलं. महाडवरून एवढं वादळ उठलेलं असताना एका गावाने त्यांना मानाने अध्यक्षस्थानी बसवलं. सेटिंग बदलता येते, फक्त कुणीतरी हात घालावा लागतो.

आता येऊ त्या माणसाकडे, ज्याने शाळेत हात घातला.

कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं सुरू करायला सुरुवात केली होती. 1919 मध्ये त्यांनी हुकूम काढला की अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा आणि सगळ्या मुलांना एकाच शाळेत घ्या. त्याच कोल्हापुरात, त्याआधी काही वर्षं, भाऊराव पाटील नावाचा एक तरुण जैन बोर्डिंगमध्ये शिकायला होता. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं, तेव्हा भाऊराव त्या कार्यक्रमाला गेला. परत आल्यावर त्याला सांगितलं गेलं की आंघोळ करून मगच जेवायला ये. तो म्हणाला, नाही करत. शेवटी त्याला बोर्डिंग सोडावं लागलं.

म्हणजे बघा, पुन्हा जेवणाचीच पंगत. फळ्यामागचे डबे असोत नाहीतर बोर्डिंगची पंगत असो, कोण आपला आणि कोण परका हे मुलांना कळतं ते जेवताना.

हे भाऊराव पुढे कर्मवीर झाले. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. शहर तेच, जिथे चोवीस वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा एक मुलगा गोणपाट काखेत मारून घरी जात होता. भाऊरावांच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत होती. पण नुसती राहत नव्हती, खरी मेख इथे आहे. त्यांच्याकडे स्वयंपाकी ठेवायला पैसे नव्हते, त्यामुळे मुलं स्वतः पाणी भरायची, स्वयंपाकाला हात लावायची, झाडलोट करायची, शेतात राबायची. कमवा आणि शिका ही रयतची ओळख इथूनच घडली. पैसे कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी अंगावरचे दागिने विकले, अगदी मंगळसूत्रसुद्धा. 1927 मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगचं नामकरण झालं: श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस.

आता एका बाजूला एल्फिन्स्टनचा वर्ग ठेवा आणि दुसऱ्या बाजूला हे बोर्डिंग. पोरं सारखीच. त्याच गावांतली, त्याच घरांतली, घरी तेच संस्कार झालेली. फरक कुठे आहे? एल्फिन्स्टनमध्ये त्या मुलांना एकमेकांची गरजच नव्हती. प्रत्येकाची वही वेगळी, मार्क वेगळे, डबा वेगळा. साताऱ्यात मात्र एकाने चूल पेटवली नाही तर सगळे उपाशी. तुझी जात कोणती हे विचारायच्या आधी ‘भाकऱ्या झाल्या का?’ हे विचारावं लागत होतं.

पुढे जगभरातल्या मानसशास्त्रज्ञांनी हेच वेगळ्या शब्दांत मांडलं. 1954 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रहांवरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं असं की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती जवळ आणून भागत नाही, चार गोष्टी लागतात. दोघांचा दर्जा तिथे समान पाहिजे. ध्येय एक पाहिजे. ते गाठायला एकमेकांची मदत लागली पाहिजे. आणि वरच्या माणसांचा, म्हणजे शिक्षकांचा, संस्थेचा, कायद्याचा त्याला उघड पाठिंबा पाहिजे. साताऱ्याचं बोर्डिंग आठवा. चारही गोष्टींवर टिक होते, आणि तीही तीस वर्षं आधी!

अमेरिकेतही आपल्या 1858 सारखंच झालं. कोर्टाने दार उघडलं, पण वर्गात मारामाऱ्या. 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली आणि शाळा पेटल्या. तिथे इलियट आरन्सन या प्राध्यापकाला बोलावलं. त्याने पाहिलं की वर्गात प्रत्येक जण प्रत्येकाशी स्पर्धा करतोय, आणि ज्याला इंग्रजी नीट येत नाही त्याच्यावर सगळे हसतायत. मग त्याने एक साधी युक्ती केली. पाच-सहा मुलांचे मिश्र गट. धड्याचे तेवढेच तुकडे. प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा आणि त्याने तो बाकीच्यांना शिकवायचा. परीक्षा मात्र अख्ख्या धड्यावर. आता जो अडखळत बोलतो त्याच्यावर हसून कसं चालेल? त्याचा तुकडा दुसऱ्या कुणाकडेच नाही. मग हसणारी मुलं काही दिवसांत त्याला प्रश्न विचारू लागली, त्याचं बोलणं धीराने ऐकू लागली. मुलं एकमेकांना आवडू लागली, गैरहजेरी कमी झाली, मागे पडलेल्या मुलांचे मार्कही वाढले. या पद्धतीला जिगसॉ म्हणतात, म्हणजे तुकडे जोडून चित्र पूर्ण करायचा खेळ.

चला, आता ऑस्टिनहून परत कल्याणच्या गाडीत बसू. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर.

उल्हासनगर आपण रोज खिडकीतून बघतो, पण ते शहर कसं झालं? दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराचा तळ होता, कल्याण कॅम्प. रांगेने बराकी. 1947 मध्ये फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना त्या बराकींमध्ये जागा मिळाली. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिचं नाव उल्हासनगर पडलं. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प चार, कॅम्प पाच असंच सांगतात.

आपण फाळणीचा इतिहास वाचतो तो नेत्यांचा, सीमांचा, गाड्यांचा. पण त्या बराकींमध्ये शाळेच्या वयाची केवढी पोरं असतील! त्यांचं घर तर गेलंच, पण अख्खा वर्गही गेला. शेजारी बसणारा मित्र कुठे गेला, कुठल्या बोटीने, कुठल्या शहरात, काही पत्ता नाही. माझ्या एका मित्राचे आजोबा त्यांच्यातलेच. आठ वर्षांचे असताना ते कॅम्पात आले. ते सांगायचे, बराकीत घर आणि घर यांच्यामध्ये भिंत नव्हती, गोणपाटाचे पडदे होते. पडद्यापलीकडच्या घरात त्यांच्याच वयाचा एक मुलगा होता, वेगळ्या गावचा. दोघं मिळून नळावर रांग लावायचे, एक रांगेत उभा राहायचा आणि दुसरा बादल्या वाहायचा. शाळेत ते आपसूक शेजारी बसले. आजोबांची ती मैत्री पुढे साठ वर्षं टिकली.

साताऱ्यातलं गोणपाट आणि कॅम्पातलं गोणपाट. एका ठिकाणी त्याने मुलाला एकटं पाडलं, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन मुलं मिळून पाणी भरत होती.

पण कॅम्पाच्या बाहेर गोष्ट वेगळी होती. आपल्या या पट्ट्यात शाळा माध्यमांप्रमाणे वाटल्या गेल्या. सिंधी माध्यम, मराठी माध्यम, हिंदी माध्यम, नंतर इंग्रजी. आपापल्या भाषेत शिकायला मिळणं चांगलंच, त्यात वाद नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की दोन स्टेशनांच्या अंतरावर वाढलेली मुलं एकमेकांना फक्त दुकानात भेटायची, एक गिऱ्हाईक म्हणून आणि एक काउंटरच्या मागे.

आता ज्यांची गोष्ट सांगितली त्या आजोबांचा नातू माझा मित्र कसा झाला ते सांगतो. सांगायला थोडं अवघड जातंय, पण सांगायला हवं.

मी अंबरनाथला मराठी माध्यमात शिकलो. सहावीत एक नवा मुलगा आला, उल्हासनगरहून. त्यांचं घर आमच्या बाजूला आलं होतं. त्याचं मराठी कच्चं होतं. ‘माझा वही’ म्हणायचा, ‘तो पेन्सिल’ म्हणायचा. पहिल्या आठवड्यात वर्गाला ते सापडलं आणि पुढे दीड वर्ष आम्ही ते सोडलं नाही. त्याने हात वर केला की मागून कुणीतरी ‘माझा वही’ म्हणायचं आणि वर्ग हसायचा. मास्तरही कधीकधी हसायचे. तो डब्यात कोकी आणायचा, सिंधी लोकांची जाड, कांदा घातलेली पोळी. त्यालाही आम्ही नाव ठेवलं होतं. हळूहळू मधल्या सुट्टीत तो वर्गात दिसेनासा झाला. पाण्याच्या टाकीजवळच्या जिन्यावर बसून एकटाच जेवायचा.

मी काय करत होतो? मी म्होरक्या नव्हतो. मी फक्त हसत होतो. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की मी काही केलं नाही. पण एल्फिन्स्टनच्या वर्गातही सगळे काही म्होरके नसणार. दोघं-तिघं आधी उठले असतील आणि बाकीचे त्यांना बघून धावले असतील.

मग आठवीत विज्ञान प्रदर्शन आलं. बाईंनी हजेरीपटावरून चारचारचे गट पाडले. मित्रामित्रांचे गट करायला बंदी. आमच्या गटात तो. आम्ही धरणाचा मॉडेल करायचं ठरवलं, बारवी धरणाचं. पाणी वर चढवायला छोटी मोटर पाहिजे होती आणि ती आमच्यापैकी कुणालाच जमेना. त्याच्या काकांचं उल्हासनगरला इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं दुकान होतं. त्याने मोटर आणली, वायरिंग केलं, आम्हाला सोल्डरिंग शिकवलं. थर्माकोल मी कापला. चार्टवरचं मराठी चौथ्याने लिहिलं आणि त्याने प्रत्येक शब्दाचं लिंग विचारून घेतलं. तेव्हा कुणी हसलं नाही. कारण परीक्षक आल्यावर मोटर फक्त त्यालाच चालू करता येत होती!

तीन आठवडे आम्ही शाळा सुटल्यावर थांबायचो. भूक लागायची आणि डबे उघडायचे. कोकी तीन दिवस टिकते आणि अप्रतिम लागते, हे मला तेव्हा कळलं. प्रदर्शनानंतर तो जिन्यावर गेला नाही. बाईंनी मैत्रीवर भाषण दिलं नव्हतं, की कुणाला शिक्षा केली नव्हती. त्यांनी गट पाडले आणि एक असं काम दिलं जे एकट्याने होत नव्हतं.

ही फक्त माझी गोष्ट वाटेल, म्हणून एक अभ्यास सांगतो. दिल्लीतल्या मोठ्या खासगी शाळांना 2007 नंतर गरीब घरांतल्या मुलांसाठी काही जागा ठेवाव्या लागल्या. गौतम राव या अर्थतज्ज्ञाने श्रीमंत मुलांवर त्याचा काय परिणाम झाला ते तपासलं आणि तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र मिळालेली श्रीमंत मुलं जास्त उदार झाली, रिलेच्या शर्यतीत जोडीदार निवडताना भेदभाव कमी करू लागली, आणि त्यांच्या मार्कांवर फारसा वाईट परिणाम झाला नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही शाळांमध्ये अभ्यासाचे गट नावाच्या अक्षरक्रमाने पाडले जायचे. त्या योगायोगाने जी मुलं एका गटात आली, त्यांच्यात हा बदल ठळक होता. नुसता एक वर्ग नाही, एक गट. आमच्या बाईंचा हजेरीपट आठवतोय ना?

हा जुना इतिहास आजच का काढला? कारण कोण कुणाशेजारी बसणार, हा प्रश्न आजही कोर्टात जातो. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि खासगी शाळांमध्ये 25 टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवणं बंधनकारक झालं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही अट नाही. आपल्यासारख्या दाट वस्तीच्या शहरांत एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही असं किती ठिकाणी होईल, तुम्हीच सांगा. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये हा बदल रद्द केला. दार पुन्हा उघडलं. पण आत गेल्यावर ते मूल कुठे बसतं, कुणाबरोबर डबा खातं, सहलीला कुणाच्या शेजारी बसतं, हे कुठलंही कोर्ट बघू शकत नाही. ते शिक्षकच बघू शकतात.

आणि बदलापूर म्हटलं की ऑगस्ट 2024 आठवणारच. त्या शाळेतल्या दोन लहान मुलींच्या बाबतीत जे घडलं त्यानंतर 20 ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनवर रुळांवर उतरले आणि लोकल तासन्‌तास बंद राहिल्या. तो गुन्हा मोठ्या माणसाचा होता. मुलांच्या आपसातल्या वागण्याशी त्याची गल्लत मी करणार नाही. पण त्यानंतर चर्चा झाली ती कॅमेऱ्यांची, कर्मचाऱ्यांच्या पडताळणीची. ते सगळं हवंच. सोबत आणखी एक हवं: प्रत्येक मुलाला शाळेत एक तरी माणूस असा हवा, ज्याला ते काहीही सांगू शकेल. जिन्यावर एकटं बसणारं मूल कुणाला सांगणार? राज्यात 2022 पासून शाळांमध्ये सखी सावित्री समिती असायला हवी, असा शासन निर्णय आहे. तुमच्या भावंडांच्या, भाच्यांच्या शाळेत ती आहे का, ते विचारा. आणि 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा नंबर त्यांना पाठ करून द्या.

तुमच्यापैकी काही जण शिक्षक आहात, काही जण क्लास घेता, काही जण सोसायटीत गणपतीची नाटकं बसवता. तुमच्या हातात ती सेटिंग आहे. महिन्याला जागा बदला. गट मुलांना निवडायला देऊ नका, तुम्ही पाडा. काम असं द्या की सगळ्यात गप्प बसणाऱ्या मुलाशिवाय ते पूर्णच होणार नाही. आणि जे अजून शाळा-कॉलेजात आहेत, त्यांना एकच सांगतो. मधल्या सुट्टीत आजूबाजूला बघा, कोण दिसत नाहीये.

हा एपिसोड करण्याआधी मी त्या मित्राला फोन केला. विचारलं, तुझी गोष्ट सांगू का, नाव न घेता. तो म्हणाला, सांग की. मग मी विचारलं, तुला ते दीड वर्ष आठवतं का रे? मला वाटलं, म्हणेल, सोड यार, लहान होतो आपण. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “खालून तिसरी पायरी. तिथे दुपारी सावली यायची.”

सोळा वर्षं झाली. मला त्या जिन्याला किती पायऱ्या होत्या तेही आठवत नाही, आणि त्याला सावली आठवते.

मी सॉरी म्हणालो. फार उशिरा म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, दिवाळीला घरी ये, आई कोकी करेल.

तुमच्या शाळेतली ‘तिसरी पायरी’ कुठे होती? तिथे कोण बसायचं? तुम्ही बसायचात, की हसायचात? आठवलं तर त्या माणसाचा नंबर शोधा आणि एक फोन करा. मला नाही सांगितलंत तरी चालेल.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि डबा वाटून खा.